आयबीडीच्या रुग्णाचा प्लाझ्मा बदलायचं ठरलं, तर आधी काय आणि नंतर काय

मी रक्तकेंद्रात अफेरेसिस मशीनवर, म्हणजे रक्तातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर काम करते. आयबीडीचे, म्हणजे आतड्यांना दीर्घकाळ सूज आणणाऱ्या अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स या आजारांचे रुग्ण माझ्याकडे क्वचितच येतात, पण येतात तेव्हा बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो. काल महागडं इंजेक्शन घेतलं आणि आज प्लाझ्मा बदलायला आले. टीबीची तपासणी ‘नंतर करू’ म्हणून राहिली. फाइलमधला सीबीसी महिन्यापूर्वीचा. यातली प्रत्येक चूक टाळता येण्यासारखी असते, आणि प्रत्येकीची किंमत आधीच अशक्त झालेल्या माणसाला मोजावी लागते. म्हणून इथे कामं ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने लिहिली आहेत. औषधाचा डोस आणि तारीख तुमचे डॉक्टरच ठरवतील. तुम्हाला प्रश्न योग्य वेळी विचारता यावेत, यासाठी हा लेख आहे.

टप्पा १: प्लाझ्मा कशासाठी बदलतोय, ते एका ओळीत लिहून घ्या

यंत्र रक्तातल्या पेशी आणि पिवळसर द्रव (प्लाझ्मा) वेगळे करतं, पेशी परत देतं, द्रव पिशवीत जमा करून टाकून देतं आणि त्याच्या जागी अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) किंवा दात्यांचा प्लाझ्मा भरतं. म्हणजे आजाराला कारण ठरणारा घटक त्या द्रवात असेल तरच याचा खरा उपयोग. गियाँ-बारे (नसांवर हल्ला होऊन ताकद जाणं), मायस्थेनिया (स्नायू लवकर थकणं), टीटीपी (बारीक गुठळ्या होऊन प्लेटलेट्स घसरणं) या आजारांत अँटीबॉडी प्लाझ्मात फिरत असतात, तिथे ही पद्धत काम करते.

आयबीडीत गोष्ट वेगळी आहे. दाह आतड्याच्या भिंतीत असतो आणि तो पांढऱ्या पेशींच्या जोरावर चालतो. प्लाझ्मातून काढून टाकली की आजार शमेल अशी एकच एक अँटीबॉडी सापडलेली नाही. त्यामुळे प्लाझ्मा एक्स्चेंज हा आयबीडीचा प्रस्थापित उपचार नाही, आणि कोणी तो पहिला किंवा खात्रीचा उपाय म्हणून सांगत असेल तर दुसऱ्या गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्टचं मत घ्या.

मग हे रुग्ण माझ्याकडे का येतात? बऱ्याचदा आयबीडी असलेल्या माणसाला दुसराच काहीतरी आजार झालेला असतो. हातापायांतली ताकद अचानक जाते, किंवा प्लेटलेट्स कोसळतात आणि टीटीपी निघतो. प्लाझ्मा त्या आजारासाठी बदलायचा असतो. क्वचित एखादे डॉक्टर सगळे पर्याय संपल्यावर अपवाद म्हणून आयबीडीसाठी सुचवतात. दोन्हींत फरक आहे आणि तो तुम्हाला माहीत असायला हवा.

तीन गोष्टींची गल्लतही नेहमी होते. एफएफपी (गोठवून साठवलेला प्लाझ्मा) चढवणं म्हणजे फक्त दात्याचा प्लाझ्मा देणं, त्यात काढलं काहीच जात नाही. प्लाझ्मा एक्स्चेंजमध्ये तुमचा प्लाझ्मा काढून दुसरा द्रव भरतात. तिसरी पद्धत म्हणजे पांढऱ्या पेशी गाळणारा कॉलम. त्यात रक्त सेल्युलोज अॅसिटेटच्या बारीक मण्यांवरून फिरवतात, ग्रॅन्युलोसाइट आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी मण्यांना चिकटतात, बाकीचं रक्त परत येतं. जपानमध्ये २००० सालापासून कोलायटिससाठी वापरतात ती ही पद्धत. साधारण एक तासाचं एक सत्र, आठवड्याला एक, अशी पाच किंवा जास्त सत्रं. आंतरजालावर ‘रक्त शुद्ध करून कोलायटिस बरा’ असं वाचलेलं असतं ते बहुधा हिच्याबद्दल. पण तिचाही पुरावा एकमुखी नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत एका गटाला खरा कॉलम लावला आणि दुसऱ्याचं रक्त कॉलमशिवाय नुसतं फिरवलं, तेव्हा दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही.

तपासा: फाइलवर किंवा संमतिपत्रावर ‘कोणत्या निदानासाठी’ हा रकाना भरलेला आहे का? रिकामा असेल तर सही करू नका. विमा कंपनीची पूर्वपरवानगी किंवा सरकारी योजनेतून खर्च हवा असेल, तर तिथेही पहिला प्रश्न हाच येतो. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला निदान आणि प्रक्रिया दोन्ही लेखी दाखवा, तेही दाखल होण्याआधी.

थांबा: दिवसाला ६ किंवा जास्त वेळा रक्तमिश्रित जुलाब, आणि सोबत ताप ३७.८ अंश सेल्सिअसच्या वर, किंवा नाडी ९० च्या वर, किंवा हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली, किंवा ईएसआर (दाह दाखवणारी रक्ततपासणी) ३० च्या वर, यांपैकी एकही असेल तर हा कोलायटिसचा गंभीर झटका आहे. लगेच दाखल व्हायचं. तिथला रस्ता ठरलेला आहे: शिरेतून स्टिरॉइड, तिसऱ्या दिवशी फेरआढावा, गुण नसेल तर इन्फ्लिक्सिमॅब किंवा सायक्लोस्पोरिन, आणि गरज पडली तर मोठं आतडं काढण्याची शस्त्रक्रिया. ‘आधी प्लाझ्मा बदलून पाहू’ म्हणत या रस्त्यावर एक दिवसही घालवू नका. शस्त्रक्रियेला उशीर झाल्याने जीव गेलेला आहे.

टप्पा २: रक्ताचे नमुने पहिल्या सत्राच्या आधी

सगळ्यांत जास्त चुकणारा टप्पा हाच, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

प्लाझ्मा बदलला की तुमच्या अँटीबॉडी पिशवीत जातात. त्यानंतर अँटीबॉडीवर आधारलेली कुठलीही तपासणी केली तर ती खोटी ‘निगेटिव्ह’ येऊ शकते. एफएफपी दिला असेल तर उलटं होतं: दात्याच्या अँटीबॉडी तुमच्याच असल्यासारख्या दिसतात. हिपॅटायटिस बी ची कोअर अँटीबॉडी अशी अचानक ‘पॉझिटिव्ह’ आली की घरचे हादरतात, आणि पुढच्या बायोलॉजिक औषधाचा (दाह रोखणारं अँटीबॉडीचं इंजेक्शन) निर्णय लटकतो. म्हणून पहिली सुई टोचायच्या आधी एवढे नमुने गेलेच पाहिजेत:

– हिपॅटायटिस बी (पृष्ठभागावरचं अँटिजेन आणि कोअर अँटीबॉडी, दोन्ही), हिपॅटायटिस सी, एचआयव्ही
– टीबीसाठी छातीचा एक्स-रे आणि इग्रा (रक्ताची) किंवा मांटू (त्वचेवरची) तपासणी
– बायोलॉजिक सुरू असेल तर रक्तातली औषधाची पातळी
– इम्युनोग्लोब्युलिन, रक्तगट, ताजा सीबीसी, पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ), फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन)
– कॅल्शियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, अल्ब्युमिन, सीआरपी (दाह दाखवणारी तपासणी)
– शौचाचा नमुना: क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल (जुलाब करणारा जंतू), कल्चर, कॅलप्रोटेक्टिन (आतड्यातला दाह दाखवणारं प्रथिन)

टीबीबद्दल आपल्याकडे दुप्पट सावध राहावं लागतं. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स हे दोन्ही दुर्बिणीतून बरेचसे सारखे दिसतात. टीबीला क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबली तर टीबी अंगभर पसरू शकतो. बायोप्सीचा अहवाल आलेला नसेल तर आधी तो मिळवा.

कोलोनोस्कोपी आणि बायोप्सीसुद्धा शक्यतो आधीच उरका. अल्ब्युमिन वापरून प्लाझ्मा बदलला की रक्त गोठवणारे घटकही निघून जातात. फायब्रिनोजेन निम्म्याहून खाली येतं आणि भरून यायला दोन-तीन दिवस लागतात. त्या दिवसांत आतड्यातून तुकडा काढणं धोक्याचं.

तपासा: जुलाबांत पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही घटतात. ही कमतरता सत्राच्या आधी भरून काढायची. मॅग्नेशियम कमी राहिलं तर मशीनवर होणारा त्रास वाढतो आणि कॅल्शियम देऊनही आवरत नाही.

टप्पा ३: औषधांचं वेळापत्रक कागदावर मांडा

एक कागद घ्या. डावीकडे सत्रांच्या तारखा, उजवीकडे औषधं. तो गॅस्ट्रोच्या डॉक्टरांना आणि मशीनच्या टीमला, दोघांनाही दाखवा. बऱ्याच रुग्णालयांत हे दोन विभाग एकमेकांशी फक्त फाइलमधून बोलतात.

नावाच्या शेवटी ‘मॅब’ असलेली औषधं, म्हणजे इन्फ्लिक्सिमॅब, अडॅलिम्युमॅब, व्हेडोलिझुमॅब, उस्टेकिनुमॅब, ही स्वतः अँटीबॉडीच आहेत. यंत्राला चांगली आणि वाईट अँटीबॉडी यांतला फरक कळत नाही. डोस घेतल्यावर लगेचच्या दिवसांत प्लाझ्मा बदलला तर औषधाचा मोठा वाटा पिशवीत जातो. डोस जवळ आला असेल तर तो सत्र संपल्यावर घ्यायचा, आणि पुढचं सत्र त्यापासून जितकं लांब ठेवता येईल तितकं ठेवायचं. जमलं तर सगळी सत्रं संपल्यावरच.

‘प्रिल’ने संपणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, एनालाप्रिल, रामिप्रिल वगैरे. या चालू असताना प्लाझ्मा बदलला, आणि विशेषतः कॉलम लावला, तर चेहरा लाल होऊन रक्तदाब एकदम कोसळू शकतो. साधारणपणे २४ ते ४८ तास आधी बंद ठेवतात. स्वतःहून बंद करू नका, पर्यायी गोळी विचारून घ्या. आयबीडीच्या फाइलमध्ये या गोळीची नोंद नसते, कारण ती बीपीच्या डॉक्टरांनी दिलेली असते. म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्यांचा डबाच घेऊन या.

स्टिरॉइड कधीही अचानक थांबवू नका. काही आठवडे प्रेडनिसोलोन चालू असेल तर शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं कमी केलेलं असतं. गोळी चुकली आणि त्याच दिवशी मशीनवर रक्तदाब उतरला, तर सावरणं कठीण जातं. त्या दिवशीची गोळी सत्राआधी की नंतर, एवढंच विचारा. मेसालामाइन आणि अझाथायोप्रिनसारख्या रोजच्या गोळ्या बहुधा सत्रानंतर देतात.

हेपारिनवरून नातेवाईक नेहमी अडतात. ‘मलावाटे रक्त जातंय आणि वर रक्त पातळ करायचं इंजेक्शन?’ तुमची भीती मला समजते. पण आयबीडी भडकलेली असताना पायांच्या शिरांत गुठळ्या होण्याचा धोका बराच वाढतो, आणि मानेत नळी असेल तर आणखी. म्हणून दाखल रुग्णांना छोट्या डोसात हे इंजेक्शन देतात. सत्राच्या दिवशी ते किती वाजता द्यायचं, हे मात्र मशीनच्या टीमला विचारूनच ठरवा.

टप्पा ४: शीर की नळी

दोन्ही हातांच्या कोपरातल्या शिरा जाड असतील तर दोन सुयांवर काम भागतं. महिनोन्महिने सलाईन घेतलेल्या आयबीडीच्या रुग्णाच्या शिरा मात्र सहसा बसलेल्या असतात. मग मानेत डायलिसिससारखी जाड दोन-तोंडी नळी घालावी लागते.

‘हाताला पिक लाइन (दंडातून घातलेली लांब नळी) आहे ना, तीच वापरा,’ हे मी दर काही महिन्यांनी ऐकते. चालत नाही. पिक लाइन बारीक आणि मऊ असते, यंत्राने ओढलं की ती चिकटून बसते. आधीच विचारलं तर एक दिवस वाचतो. नळी आली की एक नियम पाळायचा: तिच्यातून सलाईन किंवा औषध सोडायचं नाही, रक्त काढायचं नाही. ती फक्त मशीनसाठी. वॉर्डात कुणी हात लावायला आलं तर नम्रपणे थांबवा.

तपासा: नळी घातल्यावर एक्स-रे होऊन टोक योग्य जागी असल्याचं कुणीतरी पाहिलं का?

टप्पा ५: किती द्रव लागेल, हिशेब आधी करा

ढोबळ सूत्र असं: वजन किलोत × ०.०६५ × (१ वजा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा) म्हणजे प्लाझ्मा लिटरमध्ये. वजन ५० किलो आणि हिमॅटोक्रिट ३० टक्के असेल तर ५० × ०.०६५ × ०.७०, म्हणजे सुमारे २.३ लिटर. एका सत्रात साधारण एक ते दीड पट प्लाझ्मा बदलतात.

इथे लक्ष द्या: रक्त कमी असेल तर प्लाझ्माचं प्रमाण जास्त असतं. म्हणून महिन्यापूर्वीचा सीबीसी आणि आजार भडकण्याआधीचं वजन घेऊन केलेला हिशेब चुकतो. सकाळी वजन करा, ताजा अहवाल आणा.

आपल्याकडे अल्ब्युमिन बहुधा २० टक्के तीव्रतेच्या १०० मिलीच्या बाटलीत मिळतं. ते पातळ करून ५ टक्क्यांवर आणतात, म्हणजे एका बाटलीत ३०० मिली सलाईन मिसळून ४०० मिली. वरच्या उदाहरणात एकपट प्लाझ्मासाठी सुमारे ६ बाटल्या लागतील, आणि पाच सत्रं असतील तर ३०. काही ठिकाणी थोडा भाग सलाईनने किंवा एफएफपीने भरतात, त्यामुळे खरेदीला जाण्याआधी आकडा लिहून घ्या. इथे घाई केल्याने घरं कर्जात गेलेली मी पाहिली आहेत, आणि निम्म्या बाटल्या शिल्लक राहिलेल्याही.

थांबा: अल्ब्युमिन पातळ करायला नॉर्मल सलाईनच हवं. निर्जंतुक पाण्यात मिसळलं तर लाल पेशी फुटतात. हे काम टीमचं आहे, पण ‘कशात मिसळताय?’ असं विचारायला संकोचू नका.

आतड्यातून बऱ्यापैकी रक्त जात असेल तर शेवटचा भाग एफएफपीने भरायचा का, हे आधी ठरवून घ्या, कारण नुसत्या अल्ब्युमिनने गोठण्याचे घटक भरून येत नाहीत. एफएफपीसाठी रक्तगट जुळावा लागतो आणि इथे ‘ओ गट सगळ्यांना चालतो’ हा नियम उलटा होतो. ओ गटाच्या प्लाझ्मात ए आणि बी दोन्हींविरुद्ध अँटीबॉडी असतात. प्लाझ्माच्या बाबतीत सर्वांना चालणारा गट एबी. वितळवायला अर्धा तास धरा, आणि वितळवण्याची सूचना मशीनची टीम देईल तेव्हाच द्या.

टप्पा ६: सत्राचा दिवस

रिकाम्या पोटी येऊ नका. दोन तास आधी मऊ भात, मुगाचं पातळ वरण, असं पोटाला सोसणारं खा. कॅल्शियमसाठी ‘ग्लासभर दूध पिऊन या’ असं सरसकट सांगतात. जुलाब चालू असताना दुधाने अनेकांचं पोट बिघडतं, म्हणून कॅल्शियमच्या चघळायच्या गोळ्या मागा.

आता ज्याबद्दल रुग्ण लाजून बोलत नाहीत ती गोष्ट. तुम्ही दोन ते चार तास मशीनला जोडलेले असणार आणि शौचाची घाई कधीही लागू शकते. यंत्र थोडा वेळ थांबवता येतं, पण तुम्हाला सोडून बाथरूमपर्यंत जाता येत नाही. म्हणून सुरू करण्याआधी शौचाला जाऊन या, बेडपॅन आणि पडदा हाताशी ठेवायला सांगा, डायपर लावा, खाली जादा चादर घाला, घरचं एक माणूस बाहेर बसवा. आणि सिस्टरना आधीच सांगून ठेवा. आम्हाला यात काहीही वावगं वाटत नाही. न सांगता दोन तास पोट आवळून पडलेल्या मुलीची नाडी १३० वर गेली होती आणि आम्ही रक्तस्राव समजून धावपळ करत होतो.

अंगावर पांघरूण आणा. रक्त नळ्यांतून फिरताना गार होतं आणि थंडी वाजते. पण हुडहुडी भरून ताप आला तर ती साधी थंडी नव्हे, लगेच सांगा.

टप्पा ७: मशीनवर काय सांगायचं

नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घालतात. ते रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. पहिली खूण म्हणजे ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या. याच वेळी सांगा. गती कमी केली, कॅल्शियम दिलं की बहुधा काही मिनिटांत उतरतं. सहन करत राहिलात तर बोटं आखडतात, छातीत धडधडतं. ‘सिस्टर कामात होत्या म्हणून बोललो नाही’ असं कृपया करू नका.

चक्कर, घाम, पोटात मळमळ म्हणजे रक्तदाब उतरतोय. अंगावर पित्त उठणं, खाज, घसा आवळणं म्हणजे बहुधा एफएफपीची अॅलर्जी. दम लागणं तर कधीच अंगावर काढायचं लक्षण नाही.

टप्पा ८: पुढचे ४८ तास

सुया काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं दाबून धरा. त्या दिवशी एकट्याने गाडी चालवू नका. मानेतली नळी कोरडी ठेवा, आंघोळीऐवजी अंग पुसा.

शौचातलं रक्त वाढलं, पिंढरी सुजली किंवा दुखू लागली, श्वास लागला, थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जा. एफएफपीनंतर सहा तासांच्या आत दम लागला तर ‘आज एफएफपी दिलाय’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.

सत्रं सहसा एक दिवसाआड असतात. एकपट प्लाझ्मा बदलला की प्लाझ्मातला सुमारे ६३ टक्के भाग निघतो, दीडपटीला ७८ टक्के. पण आयजीजी अँटीबॉडींचा निम्म्याहून अधिक साठा रक्तवाहिन्यांच्या बाहेर असतो आणि तो हळूहळू आत झिरपतो. म्हणून एका सत्राने काम होत नाही, आणि दोन सत्रं एकाच दिवशी करून लवकर आटपतही नाही.

टप्पा ९: गुण आला का, हे कशावरून ठरवायचं

दुसऱ्या दिवशी सीआरपी आणि ईएसआर खाली आलेले दिसतात, अल्ब्युमिन वर गेलेलं दिसतं. घरात पेढे येतात. मला तेव्हा गप्प बसवत नाही. सीआरपी हे प्लाझ्मातलंच प्रथिन आहे, ते यंत्राने काढून टाकलं. ईएसआर फायब्रिनोजेनवर अवलंबून असतो, तेही पिशवीत गेलं. आणि अल्ब्युमिन आपणच बाटल्यांतून भरलं. आतड्यात काय चाललंय, याबद्दल या तीन आकड्यांवरून काहीही कळत नाही.

त्याऐवजी पहिल्या सत्राच्या आठवडाभर आधीपासून एक वही ठेवा. रोज शौचाला किती वेळा, त्यात रक्त किती वेळा, रात्री झोपेतून किती वेळा उठावं लागलं, सकाळचं वजन, नाडी. रात्रीचं उठणं बंद होणं ही माझ्या मते सगळ्यांत बोलकी नोंद. सोबत शौचातलं कॅलप्रोटेक्टिन सत्रांच्या आधी आणि काही आठवड्यांनी, शक्यतो एकाच प्रयोगशाळेत. आतड्याची भिंत भरतेय का, हे शेवटी दुर्बिणीतूनच दिसतं.

तपासा: ‘किती सत्रांनंतर आणि काय दिसलं नाही तर थांबायचं?’ याचं उत्तर पहिल्या सत्राआधी मिळालंय का? ते नसेल तर सत्रं वाढत जातात आणि ज्या औषधाचा खरा उपयोग झाला असता ते लांबत जातं.

टप्पा १०: नळी काढताना

शेवटचं सत्र झालं की नळी उगीच ठेवू नका, प्रत्येक जादा दिवस जंतुसंसर्गाला वाव देतो. मात्र फायब्रिनोजेन आणि प्लेटलेट्स पाहूनच काढायला सांगा. काढताना रुग्ण सपाट झोपलेला हवा, बसलेला नको. ओढण्याच्या क्षणी श्वास रोखून धरायचा, म्हणजे शिरेत हवा शिरत नाही. मग किमान दहा मिनिटं घट्ट दाब, वर हवाबंद पट्टी, आणि अर्धा तास तसंच पडून राहणं. पट्टी २४ तास काढू नका. मान सुजली किंवा पट्टीतून रक्त आलं तर बोटांनी दाबून धरा आणि तसेच परत या.